पिकगार्ड बदलताना : नवी पट्टी जुन्या गिटारला बसवून घेण्याची रीत

इलेक्ट्रिक गिटारच्या दर्शनी बाजूस, तारांच्या खाली, स्क्रूंनी बसवलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्टीला पिकगार्ड म्हणतात. पिक म्हणजे तारा छेडण्याची लहानशी त्रिकोणी चकती, आणि तिच्या ओरखड्यांपासून लाकडावरचा रंग जपणारे ते पिकगार्ड, अशी या नावाची सरळ फोड होत असली तरी सर्व गिटारींच्या बाबतीत ती पुरी पडत नाही. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या गिटारवर ही पट्टी खरोखरच केवळ रक्षक असते. लाकडापासून थोडी वर, धातूच्या एका लहान आधारावर ती तरंगती बसवलेली असते आणि स्क्रू काढले की वाद्याच्या आवाजात काडीचाही फरक न पडता हातात येते. याउलट लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यातून १९५४ साली बाहेर पडलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तिन्ही पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चुंबक व तांब्याच्या वेटोळ्यांची जोडणी, तसेच आवाज व स्वररंग कमीजास्त करणारे तीन पॉट आणि पिकअपची निवड करणारा स्विच, हे सगळे या एकाच पट्टीला खालून टांगलेले असते. तिथे पिकगार्ड हा नुसता रक्षक राहत नाही. ती एक बैठक होते, आणि बैठक बदलायची म्हणजे तिच्यावरचा सारा संसार उचलून दुसरीकडे मांडायचा. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त व मध्यम किमतीच्या गिटारींपैकी फार मोठा भाग स्ट्रॅटोकास्टरच्याच धर्तीवर घडवलेला असल्यामुळे पुढील विवेचनात तीच गिटार गृहीत धरली आहे.

लोणंदसारख्या गावी हे काम हाती घेणाऱ्याची स्थिती मोठी सूचक आहे. पुणे–मिरज लोहमार्गावरील या स्थानकापासून उत्तरेला पुणे आहे, जिथल्या दुकानांतून परदेशी घडणीचे तयार सुटे भाग मिळतात. दक्षिणेला मिरज आहे, जिथे शिकलगार घराण्यांनी शस्त्रे घडवण्याचा व उजळण्याचा पिढीजात धंदा मागे पडत गेल्यावर एकोणिसाव्या शतकात सतार व तानपुरा घडवण्याचे काम उभे केले आणि जिथल्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या दोन टोकांना सुट्या भागाविषयीच्या दोन निराळ्या धारणा नांदतात. मिरजेच्या तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो आधार, दुसऱ्या तानपुऱ्यावर जशीच्या तशी बसेल असे आश्वासन कोणीच देत नाही, कारण भोपळा निसर्गाने दिलेल्या आकाराचा असतो आणि जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेला सूक्ष्म उतार, त्या त्या वाद्याच्या तारा वाजवून, ऐकून आणि कानस फिरवूनच साधावी लागते. कारखान्यातली गिटार मात्र एकाचा भाग दुसऱ्याला चालेल या भरवशावर विकली जाते. पिकगार्डच्या बाबतीत हा भरवसा निम्माच खरा ठरतो, आणि म्हणून पट्टी पुण्याहून आणली तरी ती बसवताना दृष्टी मिरजेची ठेवावी लागते, म्हणजेच नवा भाग आयता बसेल असे न मानता तो वाद्याला बसवून घ्यावा लागतो.

खरेदीपूर्वीचे मोजमाप हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असून पैसे वाया जातात ते बहुधा येथेच. प्रथम जुन्या पट्टीच्या स्क्रूंची भोके मोजावीत. स्ट्रॅटोकास्टरची मूळ पट्टी एकाच थराची होती व तिला ८ स्क्रू होते. १९५९ साली तीन थरांची पट्टी आली आणि स्क्रू ११ झाले. आज मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्या या ११ भोकांच्या नमुन्यावर बेतलेल्या असतात. टेलिकास्टर या फेंडरच्याच दुसऱ्या गिटारवर ही संख्या ५ होती, ती त्याच सुमारास ८ झाली. परंतु संख्या जुळली म्हणून जागाही जुळतील असा अर्थ निघत नाही, कारण अमेरिकेतील, मेक्सिकोतील, जपानमधील आणि चीनमधील घडणींत एखाददुसरे भोक दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असते आणि निनावी नकलांमध्ये तर बाह्यरेषाच निराळी असू शकते. ‘स्ट्रॅट पिकगार्ड’ एवढ्या दोन शब्दांवर मागणी नोंदवणे म्हणजे ‘मध्यम मापाचा सदरा’ एवढेच सांगून शिंप्याकडून नेमक्या बाह्यांची अपेक्षा धरण्यासारखे आहे.

यावर सोपा उपाय असा की जुनी पट्टी काढून झेरॉक्सच्या मोठ्या, म्हणजे ए-३ कागद घेणाऱ्या यंत्रावर पालथी ठेवावी आणि तिच्याशेजारी पोलादी मोजपट्टी ठेवून मूळ आकाराची प्रत काढावी. मोजपट्टी शेजारी ठेवणे हा निव्वळ काटेकोरपणा नव्हे. यंत्र प्रतीचा आकार एखाद्या टक्क्याने बदलू शकते आणि सुमारे २८ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीवर एक टक्क्याची चूक जवळपास ३ मिलिमीटर होते, म्हणजे स्क्रूचे एक आख्खे भोक सरकते. प्रतीवरची मोजपट्टी खऱ्या मोजपट्टीशी जुळली तरच ती प्रत विश्वासाची मानावी. विक्रेता जवळचा असेल तर ही प्रत घेऊन जावे आणि दूरचा असेल तर त्याच्याकडून भोकांमधील अंतरे मिलिमीटरमध्ये मागून घ्यावीत.

बाह्यरेषेनंतर आतल्या खिडक्या पाहाव्यात. तिन्ही पिकअप एकेरी वेटोळ्याचे असतील तर तीन अरुंद खिडक्या लागतात, घोडीजवळचा पिकअप दुहेरी वेटोळ्याचा, म्हणजे हंबकर असेल तर तिथे रुंद खिडकी लागते, आणि ही अदलाबदल पट्टी आणल्यावर सहजी करता येत नाही. पॉटच्या भोकांचा व्यासही तपासावा. अमेरिकी पद्धतीच्या पॉटला सुमारे ९.५ मिलिमीटरचे भोक लागते, तर आशियाई घडणीच्या लहान पॉटला ७ ते ८ मिलिमीटर पुरते. लहान भोक गोल कानशीने मोठे करता येते, पण मोठे भोक लहान करता येत नाही, त्यामुळे शंका असल्यास लहान भोकाची पट्टी निवडावी. डावखुऱ्या वादकाची पट्टी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असते आणि उजव्या हाताची पट्टी पालथी घालून ती होत नाही, कारण स्क्रूच्या डोक्यासाठी केलेली शंकूसारखी खोलगट कड तेव्हा लाकडाच्या बाजूला जाते. शेवटी गिटारच्या मानेवरचे पडदे मोजावेत. ते २१ असतील तर पट्टी बहुधा सरळ उचलली जाते, परंतु २२ असतील तर मानेवरच्या फळीचे टोक पट्टीच्या वर थोडे आलेले असते आणि पट्टी काढण्यासाठी मानेचे स्क्रू सैल करावे लागू शकतात.

पट्टीच्या पदार्थाविषयीचे ज्ञान केवळ हौसेचे नाही, कारण पट्टी कशी कापावी, कशी साठवावी आणि तिच्यापासून काय जपावे हे त्यावरच ठरते. १९५९ नंतरच्या तीन थरांच्या पट्ट्या काही वर्षे सेल्युलॉइडच्या होत्या, आणि सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेटयुक्त सेल्युलोज व कापूर यांचे मिश्रण, अगदी आरतीच्या तबकात असतो तोच कापूर. भारतीय तंतुवाद्यांच्या नक्षीकामातही हा पदार्थ हस्तिदंताची जागा घेत आला आहे. त्याचा दोष असा की कापूर हळूहळू उडून जातो, पट्टी आकसते, स्क्रू मात्र जागचे हलत नाहीत, आणि मग ताण असह्य होऊन भोकापासून कडेपर्यंत तडा जातो. फेंडरच्या त्या काळातील पट्ट्यांवर चढलेली फिकट हिरवी झाक, जिची आज नव्या प्लास्टिकमध्ये मुद्दाम नक्कल केली जाते, ती याच पदार्थाच्या वयाची खूण आहे. सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही असल्याने ते विस्तवाजवळ किंवा डाख देण्याच्या तापलेल्या टोकाजवळ नेऊ नये. १९६५ च्या सुमारास त्याची जागा व्हिनिलने घेतली आणि आजच्या बहुतेक पट्ट्या पीव्हीसीच्या असतात. पारदर्शक व आरशासारख्या पट्ट्या ॲक्रिलिकच्या असतात. त्या दिसतात देखण्या, पण स्क्रू जरासा जास्त आवळला तरी तडकतात, आणि ज्याला हे काम पहिल्यांदाच करायचे आहे त्याने त्यांच्या वाटेला न जाणे बरे.

गिटार इतकी जुनी किंवा अनोळखी घडणीची असेल की बाजारातील एकही पट्टी जुळत नाही, तर ती करून घेणे हाच मार्ग उरतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. नामफलक कोरणाऱ्या कारागिराकडे दोन रंगांच्या थरांचे एबीएस प्लास्टिक असते, ज्याचा वरचा थर कोरला की खालचा रंग दिसतो. तिरप्या कडेतून आतला थर दाखवणारी पिकगार्डची पांढरी-काळी किनार नेमकी याच तत्त्वावर असते. लेझर यंत्रावर कापून घ्यायचे असल्यास पदार्थ पीव्हीसी नसल्याची खात्री करावी. पीव्हीसी लेझरने कापताना हायड्रोजन क्लोराइड हा विषारी व धातू कुरतडणारा वायू बाहेर पडतो, जो कारागिराच्या फुप्फुसांना आणि त्याच्या यंत्राला सारखाच घातक असतो, म्हणून पीव्हीसी करवतीने किंवा फिरत्या पात्याच्या यंत्रानेच कापावे. कापण्याआधी तोच आकार जाड पुठ्ठ्यात कापून गिटारवर ठेवून पाहावा. पुठ्ठ्यावरची चूक फुकट सुधारते.

प्रत्यक्ष काम सुरू करताना गिटारची केबल अँप्लिफायरपासून सोडवावी, मोबाइलवर सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि तारा खुंट्यांवरून सैल करून उतरवाव्यात. घोडी हलती असेल, म्हणजे दांडीने स्वर कंपवता येणारी असेल, तर तारा सुटताच मागील स्प्रिंगा तिला खेचून घेतात, म्हणून मागच्या पोकळीत कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा आधीच अडकवून ठेवावा. पॉटवरची बटने स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नयेत, कारण त्यात बटनही तुटते आणि पट्टीवर वणही उठतो. बटनाखाली जुन्या सुती कापडाची घडी सरकवून दोन्ही टोके एकदम वर ओढली की ते अलगद निघते. स्क्रू काढल्यावर ते एका वाटीत न टाकता पुठ्ठ्यावर पट्टीची रूपरेषा काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवावेत, कारण दुरुस्त झालेल्या जुन्या गिटारींत एखादा स्क्रू लांब किंवा जाड असण्याचा संभव असतो.

पट्टी उचलताना झटका देऊ नये. तिच्याखालून गिटारच्या लाकडात तीन वायरी गेलेल्या असतात, त्यांतील दोन केबल लावण्याच्या जॅककडे आणि एक मागील स्प्रिंगांच्या धातूच्या पंजाकडे जाते. ही तिसरी वायर भूसंपर्काची. तारांना हात लावताच गुणगुण कमी होते ती हिच्यामुळे. तिन्ही वायरी पुरेशा लांब असल्यास पट्टी गिटारवरच पालथी घालून सगळे काम डाख न उकलता उरकता येते, आणि हे कळल्यावर नवख्याची निम्मी भीती जाते. पॉटचे नट, स्विचचे दोन स्क्रू आणि प्रत्येक पिकअपचे दोन स्क्रू काढले की वायरींनी एकमेकांस बांधलेला सारा संच जसाच्या तसा मोकळा होतो आणि नव्या पट्टीत उतरवता येतो. वायरी आखूडच असतील तर जॅककडील दोन टोके सोडवून काम झाल्यावर पुन्हा डाखावीत. त्यासाठी २५ ते ३५ वॅटची साधी डाखणी पुरते.

या टप्प्यावर खरा धोका पिकअपला असतो. त्याच्या वेटोळ्यांतील तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी किंवा त्याहून बारीक असते, आणि चुंबक इतका जबर ओढणारा असतो की हातातला स्क्रू ड्रायव्हर किंवा सुटलेला स्क्रू त्याच्याकडे झेपावतो. एकदा त्या टोकाने वेटोळे कापले की पिकअप मुका होतो आणि तो घरी दुरुस्त होण्यासारखा नसतो. म्हणून पिकअपच्या उघड्या कडा चिकटपट्टीने झाकाव्यात, आणि कानस किंवा ड्रिल चालवायचे असेल तर ते दुसऱ्या खोलीत चालवावे, कारण लोखंडी किस चुंबकाला चिकटला की तो निघता निघत नाही. तिन्ही पिकअपवर मानेकडील, मधला व घोडीकडील अशा खुणाही कराव्यात. पुष्कळ गिटारींत मधल्या पिकअपचे वेटोळे व चुंबक इतर दोघांच्या उलट असतात, जेणेकरून दोन पिकअप एकत्र वाजताना घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण परस्परांत विरून जाते, आणि जागा चुकल्यास हा लाभ नेमक्या हव्या त्या ठिकाणी मिळत नाही.

नव्या पट्टीवर वरून चिकटवलेला पातळ संरक्षक कागद असतो. तो पूर्ण काढू नये, पण नट व स्क्रू जिथे बसणार तेवढ्या जागेवरून आधीच सोलावा, नाहीतर त्याचे तुकडे नटांखाली कायमचे अडकून राहतात. पट्टीच्या मागील बाजूस ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवलेला असावा. नसेल तर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी, कारण हा धातूचा पडदा भूसंपर्काशी जोडला गेल्यास बाहेरून येणारा विजेचा गोंगाट बराच अडवतो. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत जनरेटर, दिव्यांच्या माळा व बँजो पथक यांच्या शेजारी वाजवणाऱ्यास या अर्ध्या तासाच्या कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र स्विचची किंवा जॅकची उघडी टोके त्या पडद्याला टेकणार नाहीत एवढे पाहावे. ती टेकली तर संकेत तिथेच संपतो आणि गिटार पूर्ण गप्प होते.

पट्टी बसवताना आधी स्क्रूंची भोके जुळवण्याचा मोह होतो, पण क्रम उलटा हवा. प्रथम मानेची खाच आणि घोडीकडील कड जुळवावी, तारांच्या दोन कडेच्या रेषा पिकअपच्या लोहखुंट्यांवरून, म्हणजे प्रत्येक तारेखाली येणाऱ्या खुंट्यांवरून, जातात का ते दोरा ताणून पाहावे, आणि पट्टी तिथे स्थिर धरूनच स्क्रूंची भोके तपासावीत. सात-आठ भोके जुळली आणि दोन-तीन अर्धवट सरकली तर ती गोष्ट नित्याची समजावी. स्क्रू तिरपा घालून ओढाताण करू नये, कारण पट्टी कायम ताणाखाली राहते आणि तडा जाण्याचे बीज तिथेच पडते. लाकडातील जुने भोक बांबूच्या किंवा आगकाडीच्या गुल न लावलेल्या काडीने फेव्हिकॉल लावून बुजवावे, रात्रभर वाळू द्यावे, वर आलेले टोक धारदार पात्याने कापावे आणि मग पट्टीच्या भोकाच्या मध्यावर खूण करून २ मिलिमीटरचे नवे भोक पाडावे. ड्रिलच्या पात्यावर हव्या त्या खोलीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळली की भोक अधिक खोल जाण्याचे टळते. भोकाच्या तोंडाशी रंगाचा थर किंचित खोलगट केला, तर स्क्रू फिरताना त्याची कपची उडत नाही. आटे गेलेल्या, म्हणजे स्क्रू नुसताच फिरत राहणाऱ्या भोकांवरही काडीचाच इलाज चालतो.

स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळावे. साबण चोळण्याची जुनी पद्धत अनेक सुतारांकडे आढळते, परंतु साबण पावसाळ्यात ओलावा धरतो व स्क्रूला गंज आणतो, म्हणून मेण अधिक चांगले. स्क्रू भोकात ठेवून प्रथम उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत पडल्याचा हलका टक् असा स्पर्श बोटांना जाणवला की सुलट फिरवावा, म्हणजे लाकडात दुसरे आटे पडत नाहीत. सर्व स्क्रू आधी सैलच लावून मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, आणि डोके कडेच्या पातळीला आले की थांबावे.

तारा चढवण्यापूर्वी केबल जोडून आवाज अगदी कमी ठेवून परीक्षा घ्यावी. स्विचच्या प्रत्येक स्थानावर पिकअपच्या लोहखुंटीला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हळूच स्पर्श केला की अँप्लिफायरमधून टकटक ऐकू आली पाहिजे. एकाच स्थानी आवाज नसेल तर त्या पिकअपची वायर ओढली गेली असावी. कोठेच नसेल तर उघडे टोक धातूच्या पडद्याला टेकले असावे. आणि तारा चढवल्यावर त्यांना हात लावूनही गुणगुण कमी होत नसेल तर स्प्रिंगांच्या पंजाकडील भूसंपर्काची वायर सुटली आहे असे समजावे. तारा लावून सूर जुळल्यावर पिकअपची उंची नव्याने ठरवावी लागते, कारण नव्या पट्टीची जाडी जुनीएवढीच असेल असे नाही. मानेवरच्या शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली असता तारेच्या खालच्या कडेपासून लोहखुंटीपर्यंतचे अंतर जाड तारेखाली सुमारे २ आणि बारीक तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी. पिकअप याहून फार वर नेला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो. तिथून पुढचे मात्र, जवारीप्रमाणेच, कानाने ठरवायचे असते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या लोणंदच्या कोरड्या हिवाळ्यात नव्या पट्टीबाबत एक तक्रार हमखास उद्भवते, ती अशी की बोटे किंवा बाही पट्टीवर घासली की अँप्लिफायरमधून चरचर ऐकू येते. हा जोडणीचा दोष नव्हे. संरक्षक कागद सोलताना आणि नंतर घासण्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युत साचते, तिचाच तो आवाज असतो. किंचित ओलसर, घट्ट पिळलेले सुती कापड पट्टीवरून फिरवल्यास तो तात्पुरता जातो, आणि मागील धातूचा पडदा भूसंपर्काशी नीट जोडलेला असेल तर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाणही घटते.

काढलेली जुनी पट्टी तडकलेली असली तरी टाकून देऊ नये, कारण त्या गिटारच्या मापांचा तिच्याइतका खरा दस्तऐवज दुसरा नसतो. मागील बाजूस पेन्सिलने गिटारचे नाव व बदलल्याची तारीख लिहून, तिचे स्क्रू लहान पिशवीत घालून, ती सपाट ठेवावी. पट्टी सेल्युलॉइडची असल्यास ती गिटारच्या पेटीत मात्र ठेवू नये. कापराचा वास येऊ लागलेले जुने सेल्युलॉइड आम्लयुक्त वाफ सोडते, आणि बंद पेटीत त्या वाफेने घोडी, खुंट्या व तारांचा धातू काळवंडतो.